एका रेघेचा महाराज

गुरुवारी वारंगा फाट्यावर बस थांबली की निम्मी रिकामी व्हायची. चहासाठी नव्हे. टायरच्या दुकानामागे पत्र्याचं एक शेड होतं, त्यात वैजनाथ महाराज बसायचे. शेडबाहेर चपलांचा ढीग, नारळाच्या शेंड्या, आणि हातात औषधाची जुनी बाटली धरून बसलेली माणसं. बाटलीत काय असायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी कुणाच्या बाटलीकडे बघत नव्हतं.

"एकच रेघ!" आतून आरोळी यायची. "गेली बाधा! बोला, देवीचा उदो!"

"उदो!" अख्खं शेड दणाणायचं आणि कुणीतरी म्हातारा डोळे पुसत बाहेर यायचा.

शिला राठोड हे सगळं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती आणि तिचा जीव नुसता जळत होता. कारण आत तिचा बाप होता. बाप खरं तर या वेळी नांदेडच्या दवाखान्यात असायला हवा होता.

त्याचं असं झालं होतं. सेनगावजवळच्या त्यांच्या तांड्यावर मध्यंतरी एक तपासणी शिबिर भरलं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांचं शौच तपासायचं, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते बघायचं, एवढंच काम. तपासणीची चपटी पट्टी दाखवून तिथल्या नर्सबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं: एक रेघ उमटली तर रक्त सापडलं नाही, दोन उमटल्या तर सापडलं. दोन उमटल्या म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही, पण मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायलाच हवी. शिलाच्या बापाच्या, वसरामच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"मला काय धाड भरली?" वसराम म्हणाला. "पोट साफ हाय, भूक हाय, दिवसभर तुरीत राबून राहिलो. पट्टीच खराब असंल."

शिला लग्न होऊन तिकडे फाट्याच्या पलीकडच्या गावात राहायची, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. भाऊ जगन पुण्याला कंपनीत. म्हणजे बापाच्या मागे लागणारं माणूस ती एकटीच. तिनं महिनाभर विनवण्या केल्या, नांदेडच्या दवाखान्याची तारीख घेतली, शाळेत रजा टाकली, आदल्या दिवशी तांड्यावर मुक्काम करून बापाला पोट साफ करायचं औषध पाजलं. वसराम रात्रभर तांब्या घेऊन पळत होता आणि दर खेपेला लेकीचा उद्धार करत होता. सकाळी कसाबसा बसमध्ये बसला. वारंग्याला बस थांबल्यावर म्हणाला, "जरा पाय मोकळे करतो." आणि जो उतरला तो परत चढलाच नाही. बस निघून गेली, तारीखही गेली.

उतरवणारा होता मुंजाजी. फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल. वसरामचा जुना ओळखीचा. त्याच्याही गावात तेच शिबिर झालं होतं आणि त्यालाही दोन रेघा आल्या होत्या. महाराजांचा अंगारा खाऊन त्याची एक रेघ झाली, तेव्हापासून तो नांदेडला निघालेल्या माणसांना बसच्या दारातूनच वळवायचा.

"दुर्बीण कुठून घालतात माहीत हाय का?" तो वसरामच्या कानाशी लागला. "मागून! बाया असतात तिथं, नर्सा. हे वय हाय का आपलं? महाराज नुसतं पानी बघतात."

झालं. वसरामला मनातून हेच हवं होतं. शेडमधून तो बाहेर आला तेव्हा कपाळावर शेंदूर आणि चेहरा असा फुललेला, जणू परीक्षेत पास झालेलं पोरगं.

"एक रेघ!" तो म्हणाला. "समद्यांनी बघितली."

"बा, तिथं शिबिरात शौच तपासलं होतं. हा लघवी तपासून राहिला! दोन्हींचा काय संबंध?"

"देवाच्या दारात घाण चालत न्हाई," मुंजाजीनं परस्पर उत्तर दिलं. आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. उलट महाराजांची पद्धत जास्त स्वच्छ आहे असंच सगळ्यांचं मत दिसलं. शिलाला भर रस्त्यावर ओरडावंसं वाटलं.

महाराजांची पद्धतही बघण्यासारखी होती. आधी सात दिवस अंगारा. मग बाटली घेऊन यायचं. महाराज लाल कापडाखाली हात घालून शेंदूर फासलेली एक पट्टी काढायचे, बाटलीत बुडवायचे, पुन्हा कापडाखाली धरायचे आणि पुटपुटायचे. वसरामला सात दिवसांचीही गरज पडली नव्हती, तो उपाशीपोटी, कोठा साफ करून आलेला बघून महाराज म्हणाले, "ह्याचं शरीर तर आधीच शुद्ध आहे!" नांदेडच्या औषधानं झालेली शुद्धीसुद्धा महाराजांच्याच खात्यात जमा झाली. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. लेकुरवाळ्या वयाच्या बाईनं शेडची पायरी चढायची नाही आणि तिची बाटलीही आत न्यायची नाही. का, तर देवीला विटाळ होतो.

शिलानं तिच्या शाळेजवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टर मधुवंतीबाईंना विचारलं.

"लघवीवरून आतड्यातलं रक्त दाखवणारी अशी कुठलीही पट्टी नाही," त्या म्हणाल्या. "तो काय वापरतो ते मला माहीत नाही. पण तुझ्या वडिलांना दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन जा. आतड्यात गाठ असेल, तर ती लहान असतानाच निघते. वेळ घालवू नका."

वेळ घालवू नका! सोयाबीन निघेपर्यंत थांब, मग तुरीची फवारणी, मग कुणाचं तरी लग्न. शिला दर रविवारी सेनगावची बस धरायची, तांड्यावर जायची, भांडायची आणि तोंड पाडून परत यायची. बाप ऐकत नव्हता. आई, रुक्माबाई, लेकीलाच गप्प करायची. "तुझा बा बरा झाला ते तुला बघवत न्हाई का गं?" बसमध्ये खिडकीशी बसून ती रडायची आणि वारंगा फाटा आला की दात-ओठ खात दुसरीकडे तोंड करायची.

अशात तांड्यावर सासू-सासऱ्यांजवळ राहणारी जगनची बायको दिपा आजारी पडली. अन्न बघितलं की ओकारी, पोटात कळा, चेहरा पिवळा. लग्नाला चार वर्षं झालेली, लेकरू नाही. त्यामुळे तो विषयच घरात कुणी काढत नसे आणि दिपानं तर स्वतःशीही काढणं सोडलं होतं. रुक्माबाईनं मनाशी ठरवलं की ही पोटाचीच बाधा. पण महाराजांकडे सुनेला न्यायचं कसं? वय आड येत होतं. मग तिनं तिच्या मते मोठी अक्कल लढवली. सुनेची बाटली भरून घेतली आणि कुणाला न सांगता गुरुवारची बस धरली. देवीला काय कळतंय बाटली कुणाची ते!

त्याच गुरुवारी शिला दुपारच्या सुट्टीत शेडवर आली होती. आज त्या महाराजाला चार लोकांत खडसवायचंच, असं ठरवून. दारात पोचते तर आत समोर आपलीच आई, बाटली पुढे करून हात जोडून बसलेली.

"कुणाची बाधा?" महाराजांनी विचारलं.

"माझीच जी," रुक्माबाई म्हणाली.

महाराजांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे एकवार पाहिलं आणि निर्धास्तपणे पट्टी बुडवली. लाल कापड, पुटपुटणं, सगळं रीतसर झालं. सवयीप्रमाणे आधी पट्टी वर धरली, मग आरोळी ठोकायला तोंड उघडलं.

"एकच..."

तोंड उघडंच राहिलं. पुढे बसलेल्यांनी पाहिलं. पट्टीवर दोन रेघा होत्या. लालचुटूक, ठसठशीत.

महाराजांनी रेघांकडे पाहिलं. मग रुक्माबाईच्या तोंडाकडे. मग पोटाकडे. पुन्हा तोंडाकडे. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत असं झालं नव्हतं.

"तुमचं... वय किती?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"नातवंडाची वाट बघून राहिले जी, समजून घ्या."

शेडमध्ये कुजबुज वाढली. महाराजांनी पट्टी मुठीत आवळली आणि स्वतःला सावरलं. "नवऱ्याची बाधा! नवऱ्यातून निघाली ती बायकोत शिरली! जहाल आहे. काढा द्यावा लागेल. तीन दिवस, कडक. पोटातलं सगळं पडून जाईल!"

पोटातलं सगळं पडून जाईल, हे ऐकून रुक्माबाईची बोबडी वळली. ती घाबरून खरं बोलून गेली. "महाराज, चुकी झाली! ते माझं न्हाई. सुनेचं हाय. तिला ओकाऱ्या होऊन राहिल्या म्हणून..."

शिलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सून, ओकाऱ्या, दोन रेघा. आणि लेकुरवाळ्या बाईला शेडमध्ये येऊ न देणारी ती देवी!

ती लोकांच्या अंगावरून पुढे घुसली आणि महाराजांची मूठच धरली. "दाखवा ती पट्टी."

"बाई, विटाळ..."

"दाखवा म्हणते ना!"

ओढाताणीत पट्टी खाली पडली. शिलानं उचलून पदरानं शेंदूर पुसला. तीच पट्टी. पाच वर्षांपूर्वी न्हाणीघरात धडधडत्या छातीनं तिनं स्वतः हातात धरली होती, ती. तिनं ती उंच धरली आणि मागे बायकांकडे वळली.

"ओळखा बरं बायांनो ही कशाची? औषधाच्या दुकानात कागदात गुंडाळून देतात ती!"

मागून एका तरण्या बाईचं, दारातून डोकावणाऱ्या सुनेचं, पदराआडून हसू फुटलं. "अगं बया! ही तर दिवस गेलेत का ते बघायची!"

शेडमध्ये जे हसू उसळलं त्यानं पत्रे वाजले.

"म्हणजे ऐका," शिला म्हणाली. ती हसत नव्हती. "पुरुषांनो, म्हाताऱ्या बायांनो, तुमची एक रेघ आली. येणारच! तुमाला दिवस गेले न्हाईत, एवढंच ह्या माणसानं सांगितलं. साध्या पाण्यात बुडवली तरी ही पट्टी एकच रेघ दाखवील. म्हणून तरण्या बाया आत चालत नव्हत्या ह्याच्या देवीला! आन आज पोटुशी बाईला हा पोट पाडायचा काढा देऊन राहिला होता."

शेवटच्या वाक्यावर हसू थांबलं. रुक्माबाई मटकन खाली बसली. आपण सुनेसाठी काय घेऊन जाणार होतो ते तिला आत्ता कळलं. "चार वर्सांनी..." एवढंच ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबला.

महाराज मागच्या दारानं गेले. गुरुवारी बोलावलेले पोलीस सोमवारी आले, तेव्हा शेडमध्ये लाल कापड आणि फाटक्या पाकिटांचा ढीग तेवढा सापडला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. आरोग्य केंद्रात दिपाची तपासणी झाली, दोन महिने झाले होते, तांड्यात गूळ वाटला गेला. पण वसराम? वसराम नांदेडला जायला निघाला का? छे.

उलट तो जास्तच अडून बसला. कारण आता पारावर बसलं की कुणीतरी विचारायचंच, "काय वसराम, कितवा महिना लागला?" माणूस शरमेनं अर्धा झाला होता. "एक हसं झालं ते पुरे," तो शिलाला म्हणाला. "आता मागून दुर्बीण घालून आणखी हसं करून घेऊ का?"

आणि मग त्यानं जे केलं त्यानं तर शिलानं कपाळालाच हात लावला. कुणाला न विचारता तो हिंगोलीला गेला, एका लॅबमध्ये शौचाची तपासणी पुन्हा करून आला. खरी तपासणी, खरी पट्टी. रक्त सापडलं नाही.

"घे!" त्यानं रिपोर्ट लेकीपुढे टाकला. "महाराज लबाड व्हता, मान्य. हे तर तुझंच शास्त्र हाय ना? का लॅबवालाबी लबाड?"

शिलानं तिथूनच मधुवंतीबाईंना फोन लावला.

"मला हीच भीती होती," त्या वैतागून म्हणाल्या. "अगं, आतड्यातली गाठ काही रोज रक्त सोडत नाही. आज सोडते, उद्या नाही. ज्या दिवशी सोडलं नाही त्या दिवशीची तपासणी चांगलीच येणार. गाठ तिथल्या तिथंच असते. एकदा रक्त सापडलं की पुन्हा पट्टी नाही, सरळ दुर्बीण. सगळ्यांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

शिलानं बापाला ते सगळं सांगितलं. वसराम ऐकत होता आणि रिपोर्टची घडी खिशात घालत होता. चांगली बातमी एकदा खिशात पडली की माणूस ती सोडत नाही. शिलाला वाटलं, महाराजाला हाकलणं सोपं होतं. ह्या आतल्या महाराजाला कसं हाकलायचं?

समोर दावणीला बोकड बांधला होता. दिपासाठी बोललेल्या नवसाचा. शिलाची नजर त्याच्यावर गेली.

"बा, ह्या बोकडाला देवीपुढं नेल्यावर अंगावर पानी टाकणार ना?"

"टाकावंच लागतंय. त्यानं अंग झाडलं तर देवी पावली."

"आन न्हाई झाडलं तर?"

"परत टाकायचं."

"परत न्हाई झाडलं?"

"मग कानात टाकायचं थोडं. झाडतोच." वसराम आता जाणकारासारखा बोलत होता. गेली कित्येक वर्षं तांड्याच्या बोकडांवर पाणी टाकायचा मान त्याचाच होता.

"आन एकदा झाडलं की?"

"की मग झालं."

"झाडल्यावर परत एकदा टाकून बघितलं का कधी? खरंच हो म्हणाली का देवी, ते बघायला?"

"येडी का काय तू? कौल भेटल्यावर कशाला कोण परत टाकील?"

"का बरं?"

वसराम बोकडाची दावण चाचपू लागला.

"कारण दुसऱ्यांदा झाडलं न्हाई तर पंचाईत," शिला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत पानी टाकायचं, आन आलं की हात धुवायचे. बोकडाचं ठीक हाय हो, तो तसाबी जाणारच हाय. पण तुमी स्वतःच्या आतड्यावर पानी टाकून राहिलात, बा! शिबिरात दोन रेघा आल्या तवा पट्टी खराब. महाराजाची एक आली तवा ती बराबर. तो लबाड निघाला तर हिंगोलीची बराबर. तिथंबी दोन आल्या असत्या तर? आणखी कुठं गेला असता, सांगा!"

वसरामनं बोकडाकडे पाहिलं. तिथंबी दोन आल्या असत्या तर वाशीमला जायचं त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"लई बाया असतात का तिथं?" शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला.

"अंगावर चादर असते. गुंगीचं औषध देतात. तुमाला कळणारबी न्हाई."

"तांब्या घेऊन परत रातभर पळायचं?"

"परत पळायचं."

"तारीख घे," वसराम म्हणाला आणि उठून बोकडाला पाला टाकायला गेला.

या खेपेला वारंग्याला बस थांबली तेव्हा मुंजाजी दारात आला. "वसराम! उतर की, चहा घे." वसरामनं समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली आणि बस हलेपर्यंत सोडली नाही. शिलानंही श्वास तेव्हाच सोडला.

नांदेडला गाठ सापडली. चांगली बोराएवढी, देठावर लटकलेली. दुर्बिणीतूनच ती काढली. पुढे तपासायला पाठवली आणि उत्तर आलं: गाठ बिघडायला लागली होती, पण बिघाड देठापर्यंत पोचला नव्हता, पूर्ण निघाली आहे, आता वर्षानं पुन्हा दुर्बीण. "आणखी दोन वर्षांनी आला असतात," तिथले डॉक्टर म्हणाले, "तर आपण वेगळं बोलत असतो." वसरामनं विचारलं नाही काय बोलत असतो ते.

तो रिपोर्ट घेऊन बापलेक परत निघाले. वारंग्याला बस थांबली आणि वसराम उठला. "बा, कुठं?"

तो तरातरा खाली उतरून मुंजाजीच्या हॉटेलात शिरला. बाकावर सात-आठ गिऱ्हाइकं होती, दोन बायाही होत्या. ज्या गोष्टीच्या लाजेनं त्यानं इतके महिने घालवले, ती त्यानं सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितली.

"मागून घातली दुर्बीण. गाठ निघाली, सडत आली व्हती. हसायचं असंल त्यानं हसून घ्या, मी थांबतो."

कुणी हसलं नाही.

"मुंजाजी, तुझ्याबी दोन रेघा व्हत्या."

"मला काय तकलीफ न्हाई बाबा," मुंजाजी गाळणी आपटत म्हणाला. "बघू. दिवाळी होऊ दे."

"मलाबी काय तकलीफ नव्हती."

मुंजाजीनं उत्तर दिलं नाही. वाईट एवढंच की अशी उत्तरं न देणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांना फसवायला महाराज लागतोच असं नाही. "दिवाळी होऊ दे" एवढं वाक्य पुरतं. बाबांनो, तपासणीत रक्त सापडलं, तर ते कशानं आलं हे बघून घ्या. मूळव्याध असेल, साधी गाठ असेल, काहीच नसेल. पण ते आत बघितल्यावरच कळेल. अंगाऱ्यानं कळणार नाही आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत तपासण्या बदलूनही कळणार नाही. शंका आली की पडताळा बघायचा, आणि पडताळा नको असला तरी बघायचा, याचंच नाव विचार करणं.

बाहेर कंडक्टरनं बेल मारली. "चला, सेनगाव, सेनगाव!"

वसराम बाकावर ऐसपैस बसला आणि त्यानं चपला काढून मांडी घातली. "जाऊ दे गाडी," तो शिलाला म्हणाला. "ह्याची तारीख घेतल्याबिगर मी उठत न्हाई. लाव तुझ्या डाक्टरीणबाईला फोन."

शिलानं दारातून बसकडे पाहिलं. याच फाट्यावर अशीच एक बस एकदा त्यांना टाकून गेली होती, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला नुसती जळत उभी राहिली होती. आज तिनं कंडक्टरला स्वतःच हात हलवून जायला सांगितलं, बापाशेजारी बसली आणि फोन लावला.